चूल, बंब आणि पावसाळ्यातला धूर: कमी जळणात कसं भागवावं? (खानापूर भाग)

आजोळ_जांबोटी

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं आमचं घर आहे. कौलारू, मातीच्या भिंती, मागच्या अंगाला न्हाणी. वडील गेल्यापासून आई एकटी राहते आणि मी दर पंधरा दिवसांनी बेळगावहून जातो. घरात गॅस आहे, पण तो चहाला आणि पाहुणे आले तर. भाकरी, भात, आमटी चुलीवर आणि अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, त्यामुळं गीझरचा विषय आईनं कधीच पुढं जाऊ दिला नाही.

श्रावणात गेलो तेव्हा स्वयंपाकघरात पाय टाकल्या टाकल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आई म्हणाली, "पावसात असंच असतंय." तिचा खोकला दसऱ्यापर्यंत हटला नाही. मिरगाच्या आधी ट्रॉलीभर जळण टाकलं होतं, ते गणपतीतच संपलं. मग शेजारून ओली लाकडं आणून भागवलं आणि धूर आणखी वाढला.

आता पौष चालू आहे, हातात चार-पाच महिने आहेत. परवा वजनकाटा घेऊन बसलो. २५ लिटरचा बंब तापवायला साडेतीन किलो लाकूड लागलं. दिवसभराच्या स्वयंपाकाला साडेपाच किलो. हे जास्त आहे का? धुराडं बसवलं तर फरक पडतो का? की चूलच बदलायची? आईला चूल सोडायची नाही आणि मला तिचा खोकला बघवत नाही. दोन्ही सांभाळून काही होत असेल तर सांगा.


उद्यमबाग

तुम्ही वजन केलंत हे फार चांगलं केलं. मी तीस वर्षं फाउंड्रीत काढली, भट्टीपुढं. जाळ हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा हिशेब. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ७० अंशांवर न्यायचं तर सव्वापाच मेगाज्यूल झाले. वाळलेल्या लाकडात किलोमागं साधारण १५ मेगाज्यूल उष्णता असते. म्हणजे सगळीच्या सगळी उष्णता पाण्यात उतरली असती तर साडेतीनशे ग्रॅम लाकडात काम झालं असतं. तुम्हाला साडेतीन किलो लागलं. दहा भागांतला एक भाग पाण्यात गेला, बाकी नऊ भाग वर गेले. तीन दगडांच्या उघड्या चुलीचंही साधारण असंच असतं, दहा ते पंधरा टक्के. पण बंब ही त्यापेक्षा कितीतरी हुशार वस्तू आहे. मधोमध जाळाचा नळा आणि चारी बाजूंनी पाणी, अशी रचना असताना दहा टक्के येतात याचा अर्थ जाळातच काहीतरी चुकतंय.

लाकूड जळतं म्हणजे काय ते बघा. पहिल्यांदा त्यातलं पाणी उडतं. मग दोन-अडीचशे अंशांच्या पुढं लाकूड स्वतःच फुटायला लागतं आणि त्यातून वायू बाहेर पडतात. लाकडाच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग असा वायू होऊन निघतो. आपण जी ज्योत बघतो ती लाकडाची नव्हे, या वायूची. उरतो तो कोळसा, निखारा. एकूण उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा निखाऱ्यात आणि बाकीचा त्या वायूत.

आता मुद्दा असा की हा वायू पुरता जळायला सहाशे अंशांच्या आसपास गरमी लागते आणि त्याच ठिकाणी हवा लागते. दोन्हींतलं एक कमी पडलं की तो न जळताच वर जातो. त्यालाच आपण धूर म्हणतो. तुमच्या आईच्या डोळ्यांत जातो तो धूर म्हणजे तुम्ही पैसे मोजून ट्रॉलीतून आणलेलं जळणच आहे. म्हणून धूर कमी करणं आणि जळण वाचवणं ही दोन वेगळी कामं नाहीत. एक केलंत की दुसरं आपोआप होतं.

आता सांगा: लाकडं किती जाड आहेत, कधी तोडलेली आहेत, आणि बंबाचा नळा आतून शेवटचा कधी साफ केलाय?


आजोळ_जांबोटी

काका, लाकडं मनगटापासून मांडीएवढी. शेताच्या बांधावरची अकेशिया आणि थोडा आंबा. वैशाखात तोडली आणि तशीच घराच्या मागं रचून निळ्या ताडपत्रीनं चारी बाजूंनी बांधून ठेवली. नळ्याचं आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझे बाबा करत होते."


हलशीची_लेक

दादा, ताडपत्री चारी बाजूंनी बांधलीत तिथंच घात झाला. आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, अजून रोज चूल पेटवतात आणि त्यांच्या चुलीला धूर जवळजवळ नसतोच. मी त्यांना तुमचं सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लाकूड बांधून ठेवलं की ते घामेजतंय. त्याला वारा पायजे, छत्री पायजे, अंथरूण पायजे." म्हणजे खाली विटा नाहीतर दोन ओंडके आडवे टाकून जमिनीपासून उचलायचं, वर फक्त पत्रा, आणि बाजू उघड्या.

दुसरं, तोडल्याबरोबर फोडायचं. सालीसकट गोल लाकूड वर्षभर ठेवलं तरी आतून ओलंच राहतं, कारण साल पाणी सोडत नाही. पाणी निघतं ते कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून. सासूबाई मनगटापेक्षा जाड काही चुलीत घालतच नाहीत. आंबा, अकेशिया ओली असताना कुऱ्हाडीला सोपी जातात, वाळल्यावर पाचर मारावी लागते. म्हणून आत्ताच करा, उन्हाळ्यावर टाकू नका.

वाळलंय का हे ओळखायची त्यांची रीत: दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या. वाळलेली टणटण वाजते, ओली थप्प करते. टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल नखानं सुटते.


उद्यमबाग

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर आहे, मी फक्त आकडे जोडतो.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असतं. दहा किलो ओल्या लाकडात पाच लिटर. ते पाणी तापवून वाफ करून घालवायला तेरा मेगाज्यूल जातात, म्हणजे सुमारे एक किलो वाळलेल्या लाकडाची उष्णता. अनेकांना वाटतं, एवढंच ना? नव्हे. खरं नुकसान पुढं आहे. ते पाणी उडत असताना जाळ थंड पडतो, सहाशे अंशांच्या कितीतरी खाली येतो, आणि मग निघालेला वायू पेटतच नाही. सगळा धूर होऊन जातो. पाण्यानं खाल्लेल्या उष्णतेपेक्षा न जळता गेलेल्या वायूचा तोटा मोठा.

आणि आपल्या भागाची एक अडचण आहे. लाकूड हवेतली ओल परत पितं. मुसळधार पावसात हवेची आर्द्रता नव्वद टक्क्यांवर गेली की उघड्यावरचं वाळलेलं लाकूडसुद्धा वीस टक्के ओलीच्या आसपास येऊन थांबतं. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात ते बाहेर ठेवून त्याखाली येणार नाही. बेळगाव शहरात किंवा पूर्वेला सौंदत्ती, गोकाककडं ही अडचण एवढी नाही. तुमच्याकडं जुन्या घरात चुलीवर माळा असेल ना? तो त्यासाठीच बांधलेला असतो. पंधरा दिवसांचं जळण माळ्यावर, वरचं उतरवलं की मागून भरायचं.


दुसरंगेट

मी टिळकवाडीत राहते, जिल्ह्यात आरोग्य खात्याचं काम करते. मला सरळ विचारायचं आहे: गॅस असताना चूल का? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळं २०२० साली जगात ३२ लाख माणसं दगावली. खोकला, दमा, मोतीबिंदू, लहान मुलांना न्यूमोनिया. मी गावागावांत फिरते, चुलीपुढं चाळीस वर्षं बसलेल्या बायांची छाती ऐकते. तुमच्या आईला पटवा, असं मी म्हणेन.


हलशीची_लेक

अक्का, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण आमच्याकडं सिलिंडर संपल्यावर पुढचा मिळेपर्यंत चूलच लागते. आणि बांधावर झाडं आहेत, ती छाटावीच लागतात, त्याचं जळण फुकट पडतं. ज्यांना चूल लागणारच आहे त्यांना ती कमी धुराची कशी करायची एवढं तरी सांगितलं पाहिजे. चूल वापरू नका म्हणून सांगून आम्ही घरी गेलो तर उद्या सकाळी ती पेटणारच आहे.


दुसरंगेट

हे पटलं. मग माझी एकच गोष्ट ऐका, आणि ती न्हाणीतल्या बंबाबद्दल आहे. खिडकी-दार बंद करून पेटत्या बंबाशेजारी कुणीही अंघोळ करू नये. निखारा हवेअभावी धुमसत राहिला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूरही दिसत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस तिथंच बसतो. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपणाऱ्यांचंही असंच होतं. न्हाणीला वरच्या बाजूला कायम उघडी जाळी हवी, आणि बंब शक्यतो बाहेर पडवीत पेटवून पाणी आत न्यावं.


आजोळ_जांबोटी

अक्का, हे माहीत नव्हतं. आमच्या न्हाणीची खिडकी आई थंडीत गोणपाट लावून बंद करते. आजच फोन करून काढायला सांगितलं.


निपाणी_गूळ

आमचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळं थोडं मीही बोलतो. चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीत, जाळ घालणारा माणूस रसाच्या काहिलीकडं बघत नाही, धुराड्याकडं बघतो. काळा धूर आला की तो हात आखडता घेतो. चिपाड मूठमूठ, पण सारखं घालायचं, एकदम गठ्ठा टाकला की जाळ दबतो आणि काहील थंड पडते. गुळाचा पाक त्या दोन मिनिटांत बिघडतो, म्हणून आमच्याकडं गुळव्याइतकाच जाळ घालणाऱ्यालाही मान असायचा.

घरच्या चुलीतही तेच. बायका कामाच्या गडबडीत मोठं लाकूड आत ढकलून भाकरी थापायला बसतात, आणि ते लाकूड तासभर धुमसतं. दोन-तीन बारीक ढलप्या, टोकाला टोक लावून, मध्ये बोटभर फट ठेवून. जळतील तशा आत सरकवायच्या. लाकूड एकटं कधी जळत नाही, दुसऱ्याच्या सोबतीनं जळतं.


उद्यमबाग

हे शेवटचं वाक्य मी भट्टीतल्या पोरांना शिकवायचो. एक निखारा बाहेर काढून ठेवा, दोन मिनिटांत विझतो. दोन जवळ ठेवले की एकमेकांची उष्णता परत एकमेकांना देतात. पण चिकटून ठेवले तर मधून हवा जात नाही. म्हणून ती बोटभर फट.

हवेचा हिशेब: एक किलो कोरडं लाकूड पुरं जळायला कमीत कमी सहा किलो, म्हणजे पाच घनमीटर हवा लागते. पण जास्त हवाही वाईट. तोंड मोठं असलेल्या चुलीत भरमसाट थंड हवा शिरते, तापते आणि उष्णता घेऊन निघून जाते. वाऱ्याच्या दिवशी जळण जास्त लागतं ते यामुळं. लोखंड वितळवायच्या कपोला भट्टीत आम्ही वारा मोजून देत होतो, वाढवला तरी धातू थंड, कमी केला तरी थंड.

तुमच्या चुलीसाठी तीन कामं सांगतो, यात पैसे फारसे लागत नाहीत.

पहिलं, चुलीत लोखंडी जाळी. जमिनीपासून दीड-दोन इंच वर, सळया बोटभर अंतरावर. निखारा राखेत पुरला जातो तो वर राहील आणि खालून हवा मिळेल. निखारे जाळीवर, लाकडाची टोकं त्यांच्यावर. फुंकणी मारत बसावं लागणार नाही. खालची राख रोज ओढायची.

दुसरं, भांडं आणि जाळ यांतलं अंतर. भांडं फार खाली असलं तर ज्योत थंड तांब्या-पितळेला आपटून विझते आणि काजळी धरते. काजळी म्हणजेसुद्धा न जळलेलं लाकूड. फार वर असलं तर जाळ बाजूनं निसटतो. ज्योतीचं टोक बुडाला नुसतं चाटून जायला हवं. भांड्याच्या भोवती पत्र्याचं कडं लावलं, भांडं आणि कडं यांत बोटभर फट ठेवून, तर निसटणारा गरम वारा भांड्याच्या अंगाला घासून जातो. एकट्या कड्यानं बराच फरक पडतो.

तिसरं, वैल, म्हणजे चुलीच्या बाजूला दुसऱ्या भांड्यासाठी असलेलं तोंड. तुमच्या चुलीला वैल असेल तर तो मोकळा ठेवू नका. त्यावर कायम पाण्याचं पातेलं. मोकळा वैल म्हणजे उघडं दार.


हलशीची_लेक

सासूबाई विचारतात, जाळी घातली तर निखारे लवकर जळून जात नाहीत का? त्या रात्री निखारा राखेखाली झाकून सकाळी त्यावरच चूल पेटवतात.


उद्यमबाग

जातात, बरोबर आहे. खालून हवा मिळाली की निखारा झपाट्यानं संपतो. म्हणून रात्री जाळी काढून निखारा राखेत पुरायचा, सकाळी परत जाळी. राख ही फार उत्तम ऊबदार गोधडी आहे, निखाऱ्याला हवाही बेताची देते. याच कारणानं राख कधीही प्लास्टिकच्या बादलीत किंवा पोत्यात भरून गवताच्या गंजीजवळ ठेवू नका. आत दडलेला निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो.


चोर्ला_होमस्टे

मला थोडं वेगळं विचारायचं आहे. चोर्ला घाटाच्या अलीकडं आमची तीन खोल्यांची जागा आहे. पाहुण्यांच्या बैठकीत काचेच्या दाराची बंद लोखंडी शेगडी बसवली, काश्मिरात बुखारी असते त्या जातीची, पण दार काचेचं. काच दोन दिवसांत काळी होते. रात्री हवा बंद करून ठेवतो, म्हणजे सकाळपर्यंत ऊब राहील. परवा धुराड्याच्या सांध्यातून डांबरासारखं काळं ओघळलं. यात लाकडाचा दोष की शेगडीचा?


उद्यमबाग

दोष पेटवण्याच्या पद्धतीचा, आणि हे धोक्याचं आहे, म्हणून लक्ष द्या.

तुम्ही हवा बंद करता तेव्हा लाकूड विझत नाही, ते धुमसत राहतं. वायू निघत राहतात पण पेटत नाहीत. ते वर जाताना नळकांड्यात थंड होतात आणि साधारण १२० अंशांच्या खाली आले की डांबरासारखे आतल्या भिंतीला चिकटतात. तेच ओघळलं. पुढं एखाद्या दिवशी मोठा जाळ केलात की हे डांबर नळकांड्यातच पेट घेतं. तेव्हा भट्टीसारखा घरघर आवाज येतो, नळी लाल होते आणि वासे पेटू शकतात. आधी धुराडं उतरवून आतून ब्रशनं घासा, मगच पुन्हा पेटवा.

बंद शेगडीत दोन हवा असतात. खालची हवा जाळीतून निखाऱ्याला जाते. वरची हवा काचेवरून खाली उतरत वायूला मिळते, काच स्वच्छ ठेवते आणि धूर जाळते. लाकडाला वरची हवा जास्त महत्त्वाची. दगडी कोळशाला खालची लागते. म्हणून लाकूड इंचभर राखेच्या थरावर ठेवलं तरी चालतं, उलट छान जळतं. चुलीत मी जाळी सांगितली आणि इथं राख सांगतोय, हे उलटं वाटेल. पण चुलीला वरून हवा मुबलक असते, तिथं अडचण निखारा गुदमरण्याची असते. इथं शेगडी बंद आहे.

पेटवताना उलट रचा: जाड लाकडं खाली, मग बारीक, सगळ्यात वर काटक्या, आणि काडी वरून लावा. जाळ वरून खाली उतरतो, खालून निघणारा वायू जळत्या ज्योतीतूनच जातो, त्यामुळं सुरुवातीचा धूरसुद्धा कमी. पहिली पंधरा-वीस मिनिटं हवा पूर्ण उघडी, नळकांडं तापू द्या. मग हळूहळू कमी करा, पण ज्योत पिवळी, चपळ राहिली पाहिजे. ज्योत आळसावून लालसर, धुरकट झाली की हवा कमी पडते. रात्री भरून बंद करण्यापेक्षा झोपायच्या आधी जाळ मोठा करून विझू द्या, आणि शेगडीशेजारी जांभ्या दगडाची जाड भिंत बांधा. ऊब दगडात साठते.

नळकांडं वाशांपासून दीड फूट तरी लांब, कौलातून जाताना पत्र्याची चौकट, वळणं कमीत कमी, आणि तोंड आढ्याच्या वर दोन-तीन फूट. खोली घट्ट बंद असेल तर धूर परत आत येतो, कारण शेगडी हवा खोलीतूनच ओढते.


आजोळ_जांबोटी

मग चुलीला धुराडं बसवावं का? आमच्याकडं मी लहान असताना एका योजनेतून सुधारित चूल बसवून दिली होती, पाइपासकट. वर्षभरात पाइप काजळीनं तुंबला, साफ कसा करायचा ते कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय तोंड एवढं लहान की आमची लाकडं जात नव्हती. आईनं ती फोडून जुनीच चूल घातली.


उद्यमबाग

असं खूप घरांत झालं. चूल बांधून दिली जाते, पण ती कुणाच्या हातात जाणार, तिच्याकडं लाकूड कसलं, हे विचारलं जात नाही. १९८०च्या दशकात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ग्रामीण तंत्रज्ञानाचं काम करणाऱ्या 'अस्त्र' विभागानं तीन भांड्यांची चूल तयार केली, 'अस्त्र ओले'. ओले म्हणजे कन्नडात चूल. जाळी, मोजकी हवा, एकामागोमाग तीन भांडी आणि शेवटी धुराडं. कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे उघड्या चुलीच्या दुप्पट-तिप्पट. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनंही सुधारित चुली आणि शेतकचऱ्याच्या इंधनावर मोठं काम केलं. या चुलींमागचं शास्त्र पक्कं होतं. पुढं गाडी अडली ती धुराडं महिन्याला घासणं, फुटलेली कड परत लिंपणं, या रोजच्या गोष्टींत.

धुराडं बसवायचं असेल तर चार इंची नळी, महिन्यातून एकदा आतून घासायची सोय, म्हणजे खाली काढता येणारं टोपण. ओढ फार झाली तर जाळ भांड्याखाली न थांबता सरळ पळतो, म्हणून मध्ये एक झडप. आधी जाळी, ढलप्या आणि वाळलेलं जळण एवढं करा, महिनाभर बघा. धुराड्याचं नंतर ठरवा.


निपाणी_गूळ

कुणी भुशाच्या शेगडीबद्दल लिहिलं नाही. पत्र्याचा डबा, खाली बाजूला भोक, मधोमध बाटली उभी करून भोवती लाकडाचा कोरडा भुसा ठोकून ठोकून भरायचा, बाटली अलगद काढायची. मधली पोकळी हेच धुराडं. खालून पेटवली की दोन-तीन तास कुणी बघावं लागत नाही. आमची आजी त्यावर हरभऱ्याची उसळ शिजवायची. भुसा ओला असेल तर मात्र नुसता धूर.


दुसरंगेट

काय जाळू नये तेही लिहा कुणीतरी. रंगवलेली लाकडं, प्लायवूड, प्लास्टिकच्या पिशव्या पेटवणीला वापरतात, ते अगदी बंद करा.


हलशीची_लेक

आमच्याकडं बिब्ब्याचं लाकूड चुलीत घालत नाहीत, धुरानंसुद्धा बिब्बा उततो. आणि काजूची टरफलं. चंदगडकडून पोत्यानं स्वस्त मिळतात, जळतातही जोरात, पण त्यांच्या तेलाचा धूर घशाला, डोळ्यांना फार लागतो. घरात नको. पांगारा, शेवगा जाळून काही मिळत नाही. बाभळीचा निखारा भाकरीला सगळ्यात चांगला. बांबू असेल तर उभा चिरून घाला, पेर बंद राहिलं तर फुटतं. पेटवणीला नारळाची सोडणं, करवंट्या पुरतात.


उद्यमबाग

आता बंब. नळ्यात किती काजळी आहे बघा. मिलिमीटरभर काजळीसुद्धा पाण्याकडं जाणारी उष्णता अडवते. जुन्या केरसुणीचा बुडखा किंवा काथ्या काठीला बांधून वरून घासा, पंधरा दिवसांतून एकदा. तांबं बाहेरून चिंचेनं चकाकतं, पण पाणी तापतं ते आतल्या बाजूनं. खालच्या जाळीतली राख मोकळी हवी. नळा काठोकाठ भरू नका, तोंडाशी चार बोटं मोकळी ठेवा, नाहीतर ओढच लागत नाही. ढलप्या अंगठ्याएवढ्या, वीतभर. आणि पाणी भरल्याशिवाय कधीही पेटवू नका, डाख सुटतो आणि बंब गळायला लागतो. वरचं झाकण ठेवा, पण घट्ट दाबून बसवू नका.


आजोळ_जांबोटी

(शिमग्याच्या सुमारास)

उशिरा लिहितोय, पण मोजून लिहितोय.

संक्रांतीच्या आठवड्यात दोन गडी लावून सगळं लाकूड फोडलं, विटांवर रचलं, वर पत्रा टाकला. एका ढलपीवर खूण करून दर रविवारी वजन केलं. पहिल्यांदा ती १,१४० ग्रॅम होती, परवा ७९० भरली, आणि गेले दोन रविवार फारशी उतरलेली नाही. म्हणजे ३५० ग्रॅम पाणी एका ढलपीतून गेलं. हे मी पावसाळ्यात चुलीत घालत होतो.

बंबाच्या नळ्यातून अर्धं सूप काजळी निघाली. आता २५ लिटरला दीड किलो लाकूड लागतं. दोनदा मोजलं. चुलीत जाळी बसवली, खानापुरात लोहाराकडून सळया जोडून घेतल्या. पहिले चार दिवस आईला ती नको होती, भाकरीचा निखारा खाली पडतो म्हणाली. मग सळया जवळ घेतल्या. आता स्वयंपाकाला साडेतीन किलो लागतं. भात अर्धा शिजला की उतरून गोधडीत गुंडाळून ठेवते, हे तिनं स्वतःच सुरू केलं, तिची आई करायची म्हणे.

धुराडं अजून नाही. चुलीवरची चार कौलं काढून तिथं उंच करून पत्रा ठोकलाय, धूर सरळ निघतो. न्हाणीच्या खिडकीला जाळी आहे. खोकला आहे, पण आता रात्री उठून बसत नाही.

एक प्रश्न उरलाय. माळ्यावर आडवं रचावं की उभं?


हलशीची_लेक

सासूबाई म्हणतात, आडवं, एक थर असा आणि त्यावर दुसरा थर काटकोनात, म्हणजे वारा खेळतो. आणि माळा आगोटीच्या आत पूर्ण भरून घ्या. पहिला वळीव पडला की बाहेरचं जळण वर चढवायचं नाही, आधी पडवीत आठ दिवस ठेवायचं. आईंना विचारा, जाळीवर भाकरी शेकताना निखारा पुढं कसा ओढतात. आमच्या इथं अजून जमलेलं नाही.


आजोळ_जांबोटी

विचारलं. ती म्हणाली, पळीच्या उलट्या बाजूनं, आणि आधी जाळीच्या पुढच्या दोन सळयांवर एक कौलाचा तुकडा ठेवायचा. निखारा त्या तुकड्यावर ओढायचा, भाकरी त्याला टेकून उभी.